वाट पाहण्याची ऐपत
(डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यान)



 बाबासाहेबांवर बोलणारे माझ्याहून मोठे अभ्यासक महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. मी सत्र न्यायालयात उभी राहणारी वकील. म्हणून त्यांच्या आयुष्यातला वकिलीचा धागाच मी आज हातात घेणार आहे.

जुलै १९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या वकिलांत बॅरिस्टर भीमराव रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन, एवढे शिक्षण पाठीशी होते. सनद घेण्यापुरते पैसे मात्र नव्हते. ते नवल भाथेना या मित्राने दिले. सनद हातात आली, पण काम येईना. उच्च न्यायालयातले काम बॅरिस्टरकडे सॉलिसिटरच्या हातून यायचे, आणि अस्पृश्य बॅरिस्टरकडे ते पाठवायला कोणी धजत नव्हते. जी लहानसहान कामे आली ती त्यांनी घेतली. १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी शिकवणाऱ्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून घर चालवले. १९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांच्यावर झालेला खटला त्यांनी पुण्यात लढवला आणि आरोपींना सोडवून आणले. सनद मिळून तोवर तीन वर्षे लोटली होती.

ही गोष्ट आपण जयंतीला अभिमानाने सांगतो. आज ती हिशेबाच्या वहीत मांडून पाहू या. भाथेनांसारखा मित्र नसता तर? शिकवण्याची नोकरी मिळाली नसती तर? आणि ज्यांना असा मित्रही मिळाला नाही आणि नोकरीही नाही, अशी किती नावे वकिलांच्या यादीत चढता चढता राहून गेली असतील? त्यांची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. वकिलीत शिरायला बुद्धी लागते, पण टिकायला वाट पाहण्याची ऐपत लागते. ही ऐपत ज्याच्या घरात आहे तो टिकतो. जो टिकतो तो ज्येष्ठ होतो, आणि ज्येष्ठांतून न्यायाधीश निवडले जातात. म्हणून ज्युनिअर वकिलाच्या पहिल्या तीन वर्षांचा प्रश्न हा त्याच्या घरातला प्रश्न नव्हे. उद्या न्यायासनावर कोण बसेल आणि कोणाचे दुःख कोणाला समजेल, हे तिथे ठरते.

पहिले घर, पहिले पुस्तक

मी सोलापूरची. माझी आई विड्या वळायची. कारखान्यातून पान आणि तंबाखू आणायची, पान भिजवायची, कापायची, आणि हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी घ्यायची. वाईट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे कापले जायचे. मी लॉला प्रवेश घेतला तेव्हा तिने एकच विचारले, “किती वर्षांनी पैसे मिळायला लागतील?” मी म्हणाले, “तीन वर्षांनी.” मला खरेच तसे वाटत होते. अभ्यासक्रमाची तीन वर्षे संपली की मिळकत सुरू होते, अशी माझी समजूत होती. त्यानंतर आणखी वाट पाहायची असते, हे आम्हाला सांगणारे घरात किंवा नात्यात कोणी नव्हते.

समोर बसलेल्यांपैकी अनेकांचे असेच असेल. तीन वर्षांच्या एलएलबीचा वर्ग पाहा. कोणी सकाळी झेरॉक्सच्या दुकानात बसतो, कोणी बँकेत नोकरी करते, कोणी पोलीस खात्यात आहे, कोणी लेकराला आजीकडे ठेवून आली आहे. हा वर्ग महाराष्ट्राला नवा नाही. बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभारले तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग भरवले. शिकायची इच्छा असलेला माणूस दुपारी मोकळा नसतो, हे त्यांना ठाऊक होते.

माझी पहिली अडचण भाषेची होती. दिवाणी प्रक्रिया संहितेवरचा मुल्ला यांचा ग्रंथ उघडला की एका रात्रीत एक पान व्हायचे. एक वाक्य अर्ध्या पानाचे, त्यात तीन ‘परंतु’. बारावीपर्यंत सगळे मराठीत शिकलेली मी, शब्दकोश मांडीवर घेऊन बसायचे. आजही काही विद्यापीठांत मराठीतून उत्तरे लिहिता येतात, राज्याची प्रवेश परीक्षाही मराठीतून देता येते. पण राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट ही प्रवेश परीक्षा इंग्रजीतच होते, आणि तिथले वर्षाचे शुल्क लाखांत असते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आपल्या राज्याची तीन विधी विद्यापीठे आहेत, ती चांगली आहेत, तिथली मुले हुशार आहेत. पण त्या वर्गात विडी कामगाराची मुलगी किती दिसते, हे प्रत्येकाने जाऊन पाहावे.

बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या विद्यार्थ्याला किमान बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या विद्यार्थ्याला वीस आठवडे इंटर्नशिप करावी लागते. नियम योग्यच आहे. पण ज्याच्या मामाची खोली मुंबईत आहे तो एखाद्या मोठ्या फर्ममध्ये जातो. ज्याची नाही तो तालुक्याच्या कोर्टात कोणाच्या तरी मागे उभा राहतो आणि शिक्का मारलेले प्रमाणपत्र आणतो. आठवडे दोघांचेही सारखेच भरतात. पुढच्या वाटा मात्र तिथेच फुटतात.

त्यात २०२४ साली कायदेच बदलले. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची ५११ कलमे जाऊन भारतीय न्याय संहितेची ३५८ कलमे आली. खुनाचे ३०२ आता १०३ झाले, फसवणुकीचे ४२० आता ३१८ मध्ये शोधावे लागते. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागू, म्हणून आजच्या विद्यार्थ्याला दोन्ही पाठ करावे लागतात. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके घेऊन शिकणाऱ्या मुलांना विचारा, याचा अर्थ काय होतो. वरच्या वर्गातल्या ताईने दिलेले पुस्तक अर्धेच कामाला येते, आणि नवे विकत घ्यावे लागते.

सनदेनंतरची तीन वर्षे

सनद मिळाली आणि मी एका ज्येष्ठ वकिलांच्या ऑफिसात गेले. त्यांनी मला पुष्कळ शिकवले. पहिल्या वर्षी त्यांनी मला एकही रुपया दिला नाही. ही दोन्ही वाक्ये खरी आहेत, आणि मी दोन्ही सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. त्यांच्या सिनिअरनेही त्यांना काही दिले नव्हते. आपल्या व्यवसायात ज्ञानाबरोबर ही रीतही एका पिढीकडून दुसरीकडे जात आली आहे.

ज्युनिअरचा दिवस समोरच्या वकिलांना ठाऊक आहे, विद्यार्थ्यांसाठी सांगते. सकाळी बोर्ड पाहायचा, कोणते काम कोणत्या कोर्टात कितव्या नंबरला आहे ते टिपायचे. मुदतीचा अर्ज लिहायचा, पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, द्यायची, नकलेचा अर्ज ठेवायचा, रोजनामा वाचून यायचा, निशाणीचा कागद कोणत्या फाइलमध्ये अडकला ते कर्मचाऱ्यांना विनवून शोधायचे. पुकारा झाला की धावत जाऊन सांगायचे, “साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत, पास ओव्हर मिळावा.” संध्याकाळी ऑफिसात पक्षकार यायला लागतात ते नऊपर्यंत. यात शिक्षण आहेच. उलटतपासणी मी पुस्तकातून शिकले नाही. भिंतीशी उभी राहून, साक्षीदाराचा चेहरा कोणत्या प्रश्नाला पडतो ते बघत शिकले.

पण हे दहा-बारा तासांचे काम आहे. ज्याला घरून पैसे येतात तो या कामाला शिक्षण म्हणू शकतो. ज्याने घरी पैसे पाठवायचे आहेत त्याच्यासाठी ती बिनपगारी मजुरी होते. माझ्याबरोबर सनद घेतलेल्या चार मैत्रिणी होत्या. तिघींनी दोन वर्षांत कोर्ट सोडले. एक विमा कंपनीत गेली, एक शिक्षिका झाली, एकीचे लग्न झाले आणि काळा कोट माहेरच्या कपाटातच राहिला. त्या तिघींपैकी दोघी माझ्याहून हुशार होत्या, हे मी आज जाहीरपणे सांगते.

या वाटेवरचा पहिला उंबरठा होता नोंदणीच्या शुल्काचा. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ मध्ये नोंदणीचे शुल्क खुल्या प्रवर्गासाठी एकूण ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये असे लिहिलेले आहे. प्रत्यक्षात राज्यांच्या बार कौन्सिल वेगवेगळ्या नावांखाली पंधरा हजारांपासून बेचाळीस हजारांपर्यंत रक्कम घेत होत्या. ३० जुलै २०२४ रोजी गौरव कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कायद्यात लिहिले आहे त्याहून एक रुपयाही जास्त घेता येणार नाही. अशी वसुली दुर्बल घटकांतून आलेल्या पदवीधरांना व्यवसायाच्या दाराशीच अडवते, ती समतेच्या तत्त्वाला धरून नाही, असे न्यायालयाने म्हटले. मी तो निर्णय वाचत होते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर १९२३ होते. एका भाथेनांचे काम शंभर वर्षांनी न्यायालयाने सगळ्यांसाठी केले.

दुसरा उंबरठा मानधनाचा. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढले की, ज्युनिअर वकिलाला शहरी भागात दरमहा किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये द्यावेत. त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयानेही तमिळनाडूसाठी असाच आदेश दिला होता. बार कौन्सिलच्या परिपत्रकाचे स्वरूप शिफारशीचे आहे. ते अनेक बार रूमच्या फलकावर लागले, त्याच्यावर पुढची नोटीस चिकटवली गेली, आणि विषय संपला.

ज्येष्ठ मित्र मला विचारतात, “शिकवायचे आम्ही, आणि पैसेही आम्हीच द्यायचे?” मी या प्रश्नाचा आदर करते. तालुक्याच्या कोर्टात अनेक सिनिअरांचीच महिन्याची मिळकत पंधरा हजारांच्या आसपास घुटमळते. त्यांच्यावर हा भार टाकणे अन्याय होईल. पण त्यावरून एवढेच सिद्ध होते की हा भार एका माणसाने उचलण्याचा नाही, सगळ्यांनी मिळून उचलण्याचा आहे. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये नव्या वकिलांना पहिली तीन वर्षे महिना पाच हजार रुपये देण्याची योजना सुरू केली. केरळनेही अशा मानधनाची व्यवस्था केली. महाराष्ट्रात १९८१चा वकील कल्याण निधीचा कायदा आहे. वकालतनाम्यावर तिकीट लावतो ते त्यासाठीच. तो निधी मुख्यतः वकिली थांबल्यावर किंवा वकील गेल्यावर उपयोगी पडतो. वकिलाच्या शेवटाची काळजी ज्या कायद्याने घेतली, त्याने त्याच्या सुरुवातीचीही घ्यावी.

न्यायासनाकडे जाणारा रस्ता

२० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या प्रकरणात निर्णय दिला की, दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदाच्या परीक्षेला बसण्याआधी किमान तीन वर्षांची वकिली हवी. ही अट पूर्वी होती, २००२ मध्ये शेट्टी आयोगाच्या शिफारशीनंतर ती काढली गेली, आता परत आली. त्यामागचे कारण मला पटते. पक्षकाराचा घामेजलेला हात, साक्षीदाराची भीती, वकिलाची अडचण, हे न पाहिलेला तेवीस वर्षांचा मुलगा न्यायासनावर बसला तर त्याचेही हाल होतात आणि लोकांचेही.

पण कायद्याची एक विद्यार्थिनी हा निर्णय आला त्या आठवड्यात माझ्याकडे आली. तिच्या घरच्यांनी तिला परीक्षा होईपर्यंत लग्नाचे विचारणार नाही असा शब्द दिला होता. ती म्हणाली, “मॅडम, माझी तीन वर्षे वाढली, घरच्यांची वाढणार आहेत का?” मला उत्तर देता आले नाही. तीन वर्षांची अट घालायची आणि त्या तीन वर्षांचे पोट कोणी भरायचे हे मोकळे सोडायचे, असे केले तर अट सगळ्यांना सारखी असूनही तिचे ओझे सारखे राहत नाही. अट राहू द्या, पण तिच्याबरोबर मानधनही सक्तीचे करा. मग ती अट खरोखर शिक्षण होईल.

याचा परिणाम वर कुठपर्यंत जातो ते पाहा. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश व्हायला घटनेच्या २१७व्या अनुच्छेदाप्रमाणे दहा वर्षांची उच्च न्यायालयातली वकिली किंवा दहा वर्षांचे न्यायिक पद लागते. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०१८ नंतर उच्च न्यायालयांत नेमल्या गेलेल्या न्यायाधीशांपैकी सुमारे तीन चतुर्थांश खुल्या प्रवर्गातले आहेत. सर्वोच्च न्यायालयात १९८९ मध्ये न्यायमूर्ती फातिमा बीवी आल्या, तेव्हापासून २०२५ पर्यंत तिथे अकराच स्त्रिया न्यायाधीश झाल्या. अमरावतीच्या नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलेले न्यायमूर्ती भूषण गवई २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले, तेव्हा आपल्या बार रूममध्ये पेढे वाटले गेले. तो आनंद खरा होता. पण एवढ्या मोठ्या देशात अशा नेमणुकीचे पेढे वाटावे लागतात, याचा अर्थ खालची शिडी अजून अरुंद आहे.

स्त्रियांसाठी ती आणखी अरुंद. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डमध्ये कायद्याचा अभ्यास केला. तरी स्त्रियांना वकिलीची सनद मिळण्यातली अडचण देशभर दूर व्हायला १९२३चा कायदा यावा लागला. म्हणजे बाबासाहेबांची सनद आणि स्त्रियांचा हा हक्क एकाच वर्षाचे आहेत. आजही अनेक तालुका कोर्टांत स्त्री वकील सकाळी पाणी बेताने पितात, कारण स्वच्छतागृह नाही किंवा असून कुलूप आहे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला की सगळ्या न्यायालयांत स्त्री, पुरुष, दिव्यांग आणि तृतीयपंथी यांच्यासाठी स्वच्छतागृहे असावीत. हक्क मिळून शंभर वर्षे झाल्यावर एवढ्यासाठी आदेश निघावा, याची मला खंत वाटते.

पक्षकाराची वाट

आतापर्यंत मी वकिलाच्या वाट पाहण्याबद्दल बोलले. आपण ज्यांच्यासाठी उभे राहतो त्यांची वाट याहून लांब आहे. देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत. पण आकड्याने माणूस दिसत नाही, म्हणून एक दावा सांगते.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. डिसेंबरात महाडच्या सवर्ण मंडळींनी दिवाणी दावा लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. प्रतिवादींत बाबासाहेब स्वतः होते. तो दावा खालच्या कोर्टातून अपिलात, अपिलातून उच्च न्यायालयात गेला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने तळे सर्वांचे असल्याचा निकाल कायम केला. तळ्यावर पाणी प्यायचा हक्क सांगायला कोर्टाला दहा वर्षे लागली. ज्यांचे घर उन्हाळ्यात पाण्यावाचून होते त्यांनी ती दहा वर्षे कशी काढली असतील? जिंकणारा पक्षही तारखांनी थकतो, हे चवदार तळ्याच्या दाव्याने आपल्याला दाखवले.

कायद्याला हे कळत नाही असे नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या पोटगीच्या कलम १२५ मध्ये, आणि आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये, अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असे लिहिले आहे. घरातून बाहेर काढलेल्या बाईला वाट पाहण्याची ऐपत नसते, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते म्हणून ते साठ दिवस आले. ते साठ दिवस प्रत्यक्षात यावेत यासाठी पहिल्या तारखेला तयारीने उभा राहणारा वकील लागतो. तो वकील उपाशी असेल तर तोही मुदतीचा अर्जच देईल, कारण त्याला दुसऱ्या चार कोर्टांत पळायचे असते. ज्युनिअरची उपेक्षा आणि पक्षकाराची तारीख यांचे नाते इतके सरळ आहे.

अंतरही वाटच पाहायला लावते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची ती जुनी मागणी. अपील दाखल केले की मुंबईला जायचे, रात्रीची गाडी, सकाळी बोर्डावर नंबर लागत नाही, परत यायचे, हे माझ्या पक्षकारांनी वर्षानुवर्षे केले आहे. आता त्यांतले बरेच लोक संध्याकाळी घरी जेवायला पोचतात. या बेंचमुळे गावाकडच्या ज्युनिअरलाही उच्च न्यायालयाची पायरी जवळ आली. तिथे जायला मुंबईत खोली घ्यावी लागत नाही.

भाषेचेही तेच. १९९८ पासून आपल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. तरी किती निकालपत्रे मराठीत येतात ते आपण सगळे जाणतो. ज्या निकालाने घर गेले किंवा राहिले, तो निकाल वाचून घ्यायला पक्षकाराला पुन्हा वकिलाच्या दाराशी यावे लागते. तीही एक तारीखच म्हणायची. मराठीत दावा, कैफियत, युक्तिवाद नीट लिहिणारी मुले तयार करणे हे कॉलेजचे काम आहे, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी इथे मागे राहू नये. ही त्यांची ताकद आहे.

विद्यार्थ्यांच्या हातात काय आहे

मित्रमैत्रिणींनो, तुम्हाला वाटेल, आम्ही तर अजून सेमिस्टरच्या चिंतेत आहोत. पण कायद्याच्या वर्गांनी या देशाचा कायदा बदलला आहे. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मथुरा खटल्यात देसाईगंज पोलीस ठाण्यातल्या बलात्काराच्या प्रकरणातून दोन पोलिसांना सोडले. मथुरा ही आदिवासी मुलगी होती, अंगावर जखमा नाहीत म्हणून तिची संमती गृहीत धरली गेली. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार शिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर हे ते चौघे. त्या पत्रातून चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या आरेमधली झाडे तोडली जात होती तेव्हा कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र पाठवले. सुट्टी असताना खंडपीठ बसले आणि वृक्षतोड थांबवण्याचा आदेश झाला. पत्र लिहायला सनद लागत नाही. कायदा नीट वाचलेला असावा लागतो.

आज एक काम मी तुमच्याकडे मागते. आपल्या देशातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला, तर काही अपवाद वगळता त्याला सोडायला हवे. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे कलम जुन्या कैद्यांनाही लागू आहे. आता प्रश्न दिवस मोजण्याचा आहे. कोण केव्हा आत आला, कोणत्या कलमाखाली, कमाल शिक्षा किती, तिसरा हिस्सा कधी भरला. तुमच्या कॉलेजच्या विधी सहाय्य केंद्राने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाबरोबर बसून ही यादी दर महिन्याला केली, तर कोणी तरी माणूस सहा महिने आधी घरी जाईल. तुम्ही काढलेल्या त्या यादीहून चांगले प्रात्यक्षिकाचे जर्नल मला माहीत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांबद्दलही दोन शब्द. निवाडे शोधणे, मसुदा करणे हे ज्युनिअरचे काम आता संगणक मिनिटांत करतो. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी यंत्राने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे कोर्टात दिले आणि त्यांना दंड झाला. निवाडा स्वतः उघडून वाचल्याशिवाय त्याचे नाव घेऊ नका. आणि ज्येष्ठांनो, यंत्र आले म्हणून ज्युनिअर नको, असे करू नका. वीस वर्षांनी उलटतपासणी घ्यायला माणूसच लागेल, आणि तो आज तुमच्या दाराशी उभा आहे.

तारीख

आपल्या कोर्टात ‘तारीख’ या शब्दाला एकच अर्थ उरला आहे, पुढे ढकलणे. माझ्या घरी त्याच शब्दाला दुसरा अर्थ होता. विडी कारखान्यात मजुरी वाटायचा दिवस म्हणजे तारीख. त्या दिवशी आई डाळ घट्ट करायची. तारीख म्हणजे कोणी तरी दिलेला शब्द, आणि तो पाळला जाणार याची खात्री.

मला पहिले पैसे वकिलीच्या दुसऱ्या वर्षी मिळाले. पोटगीचा अर्ज मंजूर झालेल्या एका बाईने माझ्या हातावर घडी घातलेल्या काही नोटा ठेवल्या. मी त्या आईला दिल्या. आईने मोजल्या नाहीत, नुसत्या धरून बसली. मग म्हणाली, “तिला आता दर महिन्याला मिळतील ना?” तिच्या मनात माझा नव्हे, त्या बाईचा महिना होता.

माझ्या ऑफिसात आज दोन ज्युनिअर आहेत. दर महिन्याच्या १ तारखेला त्यांच्या खात्यात पैसे जमा होतात. बार कौन्सिलने सांगितलेल्या आकड्याएवढे अजून मला देता येत नाहीत, हे मी इथे सगळ्यांसमोर कबूल करते. पण जे ठरले ते लिहून ठेवले आहे, आणि ती तारीख मी एकदाही पुढे ढकललेली नाही. आपल्या बार असोसिएशनने पुढच्या सर्वसाधारण सभेत एक ठराव मांडावा, अशी माझी विनंती आहे: ज्येष्ठांनी ज्युनिअरशी मानधन लेखी ठरवावे, ज्यांना ते झेपत नाही त्यांच्यासाठी असोसिएशनने निधी उभारावा, आणि कल्याण निधीतून नव्या वकिलांना आधार मिळावा म्हणून राज्य सरकारकडे मागणी करावी. ठरावाचा मसुदा मी लिहून आणला आहे. व्याख्यान संपल्यावर तो टेबलावर असेल. ज्यांना पटेल त्यांनी सही करावी, आणि विद्यार्थ्यांनी तो वाचावा. तीन वर्षांनी तुम्ही आमच्या दाराशी याल तेव्हा आम्ही शब्द पाळला की नाही, ते तुम्हाला विचारता आले पाहिजे.

जय भीम. जय संविधान.